कपाळावरचं लाल औषध
काल कॉलेजच्या प्रयोगशाळेत काच लागून बोट कापलं आणि शिपायाने त्यावर लाल औषध लावलं, तेव्हा पोलिस ॲक्शनच्या आधीची ती दुपार आठवली. आगगाडीवर हत्यारबंद टोळीने हल्ला केला होता आणि काचीगुडा स्टेशनवर उतरवलेले जखमी दवाखान्याच्या व्हरांड्यात ओळीने निजवले होते. रक्त आणि फिनेलचा वास सगळीकडे भरला होता. ऑपरेशनचं टेबल एकच, म्हणून ज्याला आधी आत न्यायचं त्याच्या कपाळावर नर्सबाई लाल औषधाचं बोट लावत होत्या आणि आम्ही स्ट्रेचरवाले ती खूण बघून माणूस उचलत होतो. पोटात भाला लागलेल्या एका बाईला त्यांनी खूण केली होती, पण कपाळ कोरडं दिसलं म्हणून सगळे तिला ओलांडून पुढे गेले. “किसने पोंछा?” नर्सबाई ओरडल्या. शेजारी बसलेला तिचा दीर शांतपणे म्हणाला, “मीच पुसलं. विधवा आहे हो ती. चार माणसांत लाल कपाळ बरं दिसतं का?” “कुंकू नै वो, दवा है! पैले इसकूच लेना था!” त्यांनी पुन्हा बोट लावलं, आम्ही तिला धावत नेलं, पण टेबलावर ठेवेपर्यंत ती गेली. बाहेर येऊन मी दिराला सांगितलं. तो म्हणाला, “बाबू, आता तेवढं कपाळ पुसून द्यायला सांग.” काल औषध लावताना मी बोट मागे ओढलं म्हणून शिपाई विचारत होता, रक्त बघून मळमळतं का? मी म्हणालो, रक्ताने नाही, या लाल औषधाने.