नाताळच्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत

माझ्या पोरांनो,

परवा थोरलीनं फोनवर विचारलं, "आजी, वर्गातल्या मैत्रिणीच्या घरचे मला नाताळला जेवायला बोलावतायत. जाऊ का नको?" तिकडे परदेशात तिचं होस्टेल रिकामं होत चाललं आहे, असंही म्हणाली. मी म्हणाले, विचार करून सांगते. विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण 'जा' एवढंच म्हणून फोन ठेवला असता तर जे सांगायला हवं ते राहून गेलं असतं, आणि ते फोनवर बोलण्यासारखं नाही. म्हणून लिहिते आहे. धाकट्यानंही वाचावं. दोन वर्षांनी तोही बॅग भरून निघणारच आहे.

आपल्या माधवनगर रस्त्यावरच्या घरात, वरच्या खोलीत एक मुलगी राहायची, हे तुम्हाला ऐकून ठाऊक आहे. टांझानियाची होती. इथल्या कॉलेजात दोन वर्षांचा अभ्यासक्रम करायला आलेली. उंच, हसरी, केसांच्या बारीक बारीक वेण्या घातलेली. जिना बाहेरून होता, त्यामुळे तिचं येणं-जाणं स्वतंत्र असे, आणि जेवण कॉलेजच्या मेसमध्ये. आली त्या दिवशीच मी तिला इंग्रजीतून सगळे नियम नीट समजावून दिले. घरात मांस नाही, अंडं नाही. पाणी सकाळी येतं, तेव्हाच भरून ठेवायचं. रात्री फाटक बंद होतं. ती प्रत्येक नियमाला मान डोलवत होती. मग तुमच्या आजोबांनी विचारलं, "हिला हसायची परवानगी आहे का, तेही सांगून टाक."

त्या दिवाळीत आजोबांनी वरच्या गॅलरीत आकाशकंदील लावला. माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे, त्रिपुरी पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी कंदील उतरवून, पुसून, खोक्यात. मी स्टूल घेऊन वर गेले तर ती दारात उभी.

"आजी, हा राहू दे ना. आमचा सण आता सुरू होतो. नाताळचा तारा असतो, तसाच दिसतो हा."

आजोबा खालून ओरडले, "राहू दे गं. वीज काय फार जाळतोय तो?"

कंदील राहिला.

मी आयुष्यभर मुलांना इंग्रजी शिकवलं. नाताळ मला पुस्तकांतूनच माहीत होता. बर्फ, शेकोटी, सुक्या मेव्याचा केक. म्हणून मी तिला विचारलं, तुझ्यासाठी काय करू? केक बिनअंड्याचा करीन, आणि झाडावर कापूस पसरला तर बर्फासारखा दिसेल का? ती पोट धरून हसली. म्हणाली, "आजी, आमच्याकडे नाताळला एवढं उकडतं की आम्ही आंब्याखाली चटई टाकून जेवतो. बर्फ मी फक्त फ्रीजमध्ये पाहिलाय." मग सांगितलं, त्यांच्या नाताळच्या जेवणात मसालेभात असतो आणि चपाती असते. चपाती! ती त्यांच्याकडे रोजची नाही, सणाची. आई आदल्या दिवसापासून कणकेच्याच गप्पा मारते, आणि सगळ्या बहिणी ओळीनं बसून लाटतात. तिचा घराबाहेरचा हा पहिलाच नाताळ होता.

"मला फक्त एकच हवंय," ती म्हणाली. "त्या दिवशी कुणाबरोबर तरी बसून चपाती खायची. आईला फोनवर दाखवायचंय, की मी एकटी नाहीये."

यात अवघड काय होतं? चपाती तर आपण रोज करतो. मी म्हणाले, संध्याकाळी जेवायला खालीच ये.

नाताळच्या सकाळी ती माझ्याबरोबर ओट्याशी उभी राहिली. तिच्या चपात्या जाड, खूप तेल लावलेल्या, पदर सुटलेल्या. आजोबा येऊन बघून गेले आणि मला म्हणाले, "चाळीस वर्षांत तुझ्या पोळीला इतके पदर कधी सुटले नाहीत." मग ती पांढरा फ्रॉक घालून मिरजेच्या चर्चला गेली. तिथे दुपारी परगावच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता. जाताना म्हणाली, "संध्याकाळी येते."

आपण जैन. संध्याकाळचं जेवण म्हणजे सूर्य मावळायच्या आतलं. माझ्या माहेरी साताऱ्यात तेच, इथे सासरी तेच. ही गोष्ट कुणाला सांगायची असते, हेच आम्हा दोघांच्या कधी डोक्यात आलं नाही. ती बाहेरच्या जिन्यानं यायची-जायची, आमचं जेवण तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या दृष्टीनं सणाचं जेवण म्हणजे रात्रीचं.

साडेपाचला टेबल मांडून झालं. चादर इस्त्रीची, तीन ताटं, मधे मेणबत्ती. तिचा फोन बंद होता. आजोबा फाटकाशी जाऊन उभे राहिले. ऊन समोरच्या गच्चीवर चढलं, मग तिथूनही गेलं. मी म्हणाले, "अहो, तुम्ही तरी दोन घास खाऊन घ्या."

"पाहुणी यायच्या आधी?" ते म्हणाले. "तिला बोलावलंय कशाला मग?"

पाहुण्याआधी जेवायचं नाही, आणि सूर्यानंतर जेवायचं नाही. दोन्ही नियम आम्ही पाळले, आणि दोघंही उपाशी राहिलो. डिसेंबरात दिवस किती लहान असतो, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

दिवेलागण होऊन गेल्यावर ती आली. दारातूनच मेसमधल्या मावश्यांकडून शिकलेलं मराठी ओरडली, "आजी, लय भूक लागलीया!"

"मग बस की," आजोबा म्हणाले.

मी तिला वाढलं. आमची ताटं रिकामीच. तिनं चपातीचा तुकडा मोडला आणि हात थांबवला. "तुमी?"

मी तिला इंग्रजीत सांगितलं. शक्य तितकं साधं करून, जणू काही विशेष नाही असं. तिचा चेहरा उतरला. तुकडा ताटात परत ठेवला. "म्हणजे माझ्यामुळे तुम्ही उपाशी?"

"आम्हाला उपासाची सवय आहे," आजोबा मराठीतच म्हणाले. "तू जेव बाई. सणाच्या दिवशी पोर आमच्या दारातून उपाशी उठली तर ते आम्हाला कुठे फेडता येणार?" शब्द तिला सगळे समजले नसतील, अर्थ समजला. ती जेवली. पण खाली मान घालून, भरभर, परीक्षेचा पेपर संपवावा तशी. दोन माणसं समोर बसून बघताहेत आणि एकटं जेवायचं, याच्यापेक्षा वरच्या खोलीत एकटं जेवणं सोपं झालं असतं.

तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. पडद्यावर डोक्याला रंगीत फडकं बांधलेली एक बाई, मागे पोरांचा गलका. आम्ही हात हलवले. तिच्या आईनं आमच्या ताटांकडे बघून काहीतरी विचारलं. हिनं त्यांच्या भाषेत उत्तर दिलं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाली?

"विचारत होती, ते का जेवत नाहीत. मी सांगितलं, त्यांचं आत्ताच झालं, माझ्याबरोबरच."

मेणबत्ती आजोबांनीच विझवली. म्हणाले, "पुढच्या वर्षी चार वाजता. चर्चमधून सरळ इकडे यायचं. सूर्य असताना तिघं बसू." ती म्हणाली, "चार वाजता. नक्की." आणि त्यांच्या हातावर टाळी दिली.

पुढच्या पावसाळ्यात तुमचे आजोबा गेले, ते तुम्हाला माहीत आहे. वर्ष होईपर्यंत घरात सण नाही. त्या दिवाळीला कंदीलही लागला नाही. डिसेंबरात धाकटी बहीण मला न्यायला आली. मी त्या मुलीला विचारलं, तू काय करणार? ती म्हणाली, "माझी काळजी करू नका आजी, मी पुण्याला मैत्रिणींकडे जातेय." मी निश्चिंत मनानं साताऱ्याला गेले.

परत आल्यावर समोरच्या घरातली शेजारीण सकाळी घेऊन ठेवलेलं दूध द्यायला आली.

"आवं काकू, तुमची ती पोरगी लय गुणाची हाय. एकटी हुती, पर जिन्याची बत्ती रोज लावत हुती."

"ती पुण्याला गेली होती ना?"

"कुठलं पुनं? वरच हुती की. नाताळाच्या दिशी चारच्या सुमाराला गॅलरीत चटई टाकून एकटीच चपाती खात बसली हुती. मी म्हणलं, ये बाई आमच्याकडं. तर म्हणली, न्हाई मावशी, ऊन हाय तवर खायचं हाय."

मी वर गेले नाही. मी निर्धास्त साताऱ्याला जावं म्हणून तिनं पुणं सांगितलं होतं, आणि मी ते विचारलं असतं तर तिला पुन्हा काहीतरी सांगावं लागलं असतं. त्या उन्हाळ्यात तिचं शिक्षण संपलं. ती गेली. नाताळला आमच्या टेबलाशी तिघं बसून जेवणं झालंच नाही. आता होणारही नाही. एवढी साधी गोष्ट. कणीक होती, तवा होता, माणसं होती. फक्त वेळ जुळली नाही.

म्हणून थोरले, तू जा. आधी वेळ विचार. संकोच करू नकोस, किती वाजता बसायचं ते स्पष्ट विचार. अंडं-मांस चालत नाही, तेही आधीच सांग. पण तुझ्या तिकडे म्हणे दुपारी चारलाच अंधार पडतो. तेव्हा अंधार पडला म्हणून ताटावरून उठू नकोस. ज्यांनी बोलावलंय त्यांच्याबरोबर बसून जेव. आजोबा असते तर हे त्यांनी तुला सांगितलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. मी सांगते आहे.

आणि मी वर बसून फोन करते तेव्हा तुम्हाला माझ्या मागे जो उजेड दिसतो, तो त्याच कंदिलाचा. शेजारीण दर वर्षी विचारते, "काकू, दिवाळी संपून महिना झाला, इसरलात व्हय?" विसरलेले नाही. गॅलरीतला आकाशकंदील आता नवीन वर्ष लागेपर्यंत उतरत नाही.