पडेगावच्या टाकीचं नाव

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बापाला तर नाहीच. बाप मेंढ्या राखायचा, आणि घरातला पहिला ग्रॅज्युएट मी — हे मी आजही छाती काढून सांगतो. पण त्याच छातीत एक गोष्ट अडकून आहे.

त्या दुष्काळात शहर पडेगावकडं वाढत होतं आणि नळ कोरडे होते. इमारती वर चढत होत्या, पाणी टँकरनं येत होतं. मी वाळूजला एका छोट्या कंपनीत सी भाषेत प्रोग्राम लिहायचो. पडेगावच्या एका टँकर भरायच्या ठिकाणी टाकी भरली की व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हावा, हे काम माझ्याकडं आलं. पडद्यावर टाकीचं नाव मराठीत दिसलं पाहिजे, हा हट्ट माझाच. का नसावा?

आता जरा समजून घ्या. नाव ठेवायला प्रोग्राम मेमरीत मोजून जागा मागतो. मी शाळेत शिकलो तशी अक्षरं मोजली. पण मराठी अक्षराला इंग्रजीच्या तिप्पट जागा लागते, वर काना-मात्रेची वेगळी. नाव लांबलं की हद्द ओलांडून शेजारच्या जागेत घुसतं, आणि प्रोग्राम काही झालंच नाही असा चालत राहतो. ही चूक पकडायला एक तपासणीचं टूल असतं. मागितलेल्या प्रत्येक जागेच्या दोन्ही कडांना ते मोकळी पट्टी सोडतं, आणि पट्टीत पाय पडला की प्रोग्राम तिथंच थांबवतं. बाप मेंढ्या लोकांच्या बांधापासून अशाच लांब ठेवायचा. म्हणून मला ते टूल आवडायचं.

त्यानं पकडलं. मी 'पडेगाव जुनी टाकी' टाकलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली — हद्दीबाहेर लिहिलं. दुपारी तर प्रोग्राम बसवायला जायचं होतं. 'अजून झालं नाही' असं म्हणायचं? मी? मी नाव बदललं. 'टाकी' एवढंच टाकलं. टूल गप्प. ते फक्त जे चालवलं तेच तपासतं. जे चालवलंच नाही त्याबद्दल ते काय सांगणार?

दुपारी पडेगावला पोचलो. तिथल्या मालकानं विचारलं, "तपासलंय ना सगळं?" म्हणालो, तपासलंय.

तिथं ते टूल नसतं. त्यानं प्रोग्राम हळू चालतो म्हणून बसवताना काढून टाकतात. 'टाकी' नावावर व्हॉल्व्ह झकास बंद झाला. मग मालक म्हणाला, "नाव पुरं टाका की, साहेब." माझं बोट बटणावर थांबलं — थांबलं होतं, हे मला पक्कं आठवतं. मग दाबलं. नाव सुंदर दिसलं. पाणी कुठं थांबवायचं तो आकडा शेजारच्याच जागेत होता, त्याच्यावर नावाचं शेपूट पडून तो बिघडला. ते पडद्यावर दिसत नाही.

व्हॉल्व्ह हातानं उघडायला-बंद करायला युसूफचाचा होते. मी गाडी काढत होतो तेव्हा डबा हातात घेऊन आले. "साब, मैं खाना खा लेऊं? आपीच बंद होता ना?"

"होता, चाचा. जाओ. देखने की जरूरत नहीं."

मी शहरातल्या छावणी भागापर्यंत पोचलोही नव्हतो तोवर फोन आला. परत गेलो. पाणी टाकीवरून रस्त्यावर वाहत होतं आणि हंडे घेऊन थांबलेल्या बाया डांबरावरचं पाणी वाट्यांनी भरत होत्या.

"मशीन आलं म्हणून पाय पसरून जेवाय बसला व्हय?" मालक चाचांना म्हणत होता.

"इंजिनियर साब बोले थे."

मालक माझ्याकडं वळला. "व्हय का, साहेब?"

मी म्हणालो, "नाय. नवं मशीन हाय, समोर उभं राहा म्हणालो होतो."

चाचांनी एकदा माझ्याकडं बघितलं. व्हॉल्व्हच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली, डबा उचलला आणि गेले. परत त्यांना कामावर घेतलं नाही.

मी कंपनीत येऊन नावाची जागा वाढवली. पुरं नाव टाकून टूल चालवलं — गप्प. तो प्रोग्राम अजून चालतो. गावाकडं बाप सांगत असतो, माझं पोरगं पडेगावचं पाणी राखतंय. मी ऐकतो.

एकदा छावणीच्या बाजारात चाचा दिसले. त्यांनी ओळखलं, सलामासाठी हात उचलला. मी गाडी थांबवली नाही.

त्या दिवशी चाचा खरं बोलले होते. 'जाओ' मीच म्हणालो होतो.