काशीगावच्या गोठ्यातील वेगळी दावण

पशुवैद्यकीय दवाखान्याच्या खिडकीखाली माझे अर्ज लिहिण्याचे टेबल कित्येक वर्षांपासून आहे. माझे शिक्षण नववीत थांबले. तथापि त्या खिडकीतून डॉक्टरांचे जे बोलणे कानी पडले, ते मी वाया जाऊ दिले नाही. त्यामुळे काशीगावचा एक गोठा वाचला, हे अभिमानाने नमूद करतो.

गोठा एका विधवा मावशींचा. आदल्या वर्षी त्यांच्या गाईंत तोंडाला-खुरांना फोड आणणारे लाळ-खुरकूत पसरले आणि शेजारच्या इमारतीने तक्रार केली. अधिकाऱ्यांनी बजावले, पुन्हा रोग पसरलेला दिसला तर गोठा हलवावा लागेल. मावशींचे घर त्या दुधावरच चाले. मी त्यांच्या वतीने विनंती-अर्ज लिहिला आणि स्वतःच्या बुद्धीने त्यात एक हमी घातली: नवीन जनावर डॉक्टरांच्या परवानगीवाचून कळपात मिसळले जाणार नाही.

पुढे मावशींनी नवी गाय आणली आणि मला मानाने बोलावले. जाऊन पाहतो तो गोठ्याच्या मधोमध गुळपाण्याचे घमेले! त्यांच्या घरची रीत अशी की, प्रथम नवी गाय पिणार, मग त्याच पाण्यात बाकीच्या तोंड घालणार. म्हणजे त्या तिला शिंगे मारीत नाहीत.

मी घमेल्यासमोर उभा राहिलो. "मावशी, हिची लाळ सगळ्यांच्या तोंडी जाईल. हिला वेगळी बांधा."

"भाव, हिला घरच्यांची वलख नको का?"

"ओळख नंतर. तुम्ही हमी दिली आहे."

"मी कंदी दिली? तुमीच लिवली!"

त्यांची जाऊ पदराआड हसली. "अर्जवाला आता शेनबी काढनार हाय!"

मी जागचा हललो नाही. अखेर गाय अंगणाच्या पार टोकाला बांधली गेली. तिची बादली वेगळी, तिची धार सर्वांच्या शेवटी, डोंगराखालच्या रानात इतरांबरोबर चरणे बंद. गोठ्याला लावलेली गोणपाटेही मी काढवली; आतली कोंदट ओल वाळली.

आठवडा उलटायच्या आत नव्या गाईच्या तोंडून लाळेच्या तारा लोंबू लागल्या. मावशी तडक दवाखान्यात धावल्या. डॉक्टरांनी उपचार सुरू केले, बाकीच्या गाईंनाही रानात सोडू नका म्हणाले. ती गाय हळूहळू सावरत असतानाच अधिकारी पाहणीला आले. त्यांनी एकेकीचे तोंड उघडले, खूर तपासले. कळपात एकीलाही फोड नव्हता!

"हिला वेगळी बांधायची कल्पना कोणाची?"

मी पुढे झालो. अधिकाऱ्यांनी मला नखशिखान्त न्याहाळले आणि मावशींकडे वळून म्हणाले, "गोठा राहू द्या."

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच ती गाय कळपात आली. त्या दिवशी मावशींनी पुन्हा गुळपाणी केले. मात्र प्रत्येक गाईसमोर स्वतंत्र भांडे होते. शेवटी त्यांनी मला पितळी पेला दिला.

"घ्या भाव. तुमचाबी वेगला."

मी तो उभ्यानेच, सर्वांदेखत रिकामा केला.