दहा लाख तीन

केसरबायला अक्षर ओळखता येत नाही, पण कोळीवाड्यात वाटे घालावेत तर तिनंच. बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांडीवरून उतरवलेल्या राशीवर नुसती नजर टाकणार आणि सांगणार, "नऊ वाटे घाला, उरत न्हाय काय." चाळीस वर्षांत बाई एकदा चुकली नाही, मग तोरा तर असणारच! पाच, सात, तेरा अडतात, ते लहान म्हणून. रास मोठी झाली की सारख्या वाट्यांत तुटतेच, हे तिचं ठाम मत.

घरात ती आणि तिची नात नेत्रा, दोघीच. नेत्राला गणित शिकायला मुंबईला जायचं होतं आणि आजीचा साफ नकार; एकटीनं घरात दिवस काढायचे कसे? शेवटी पोरगी वलांडीखाली बसलेल्या बायकांदेखत म्हणाली, "आजी, दहा लाख तीन तोडून दाखव. नाही तुटला तर जाऊ देशील?"

"तोडते की! न्हाय तुटला तर जा खुशाल."

दुपारी केसरबाय ओरडली, "तुटला गो! तीन वाटे, सरळ!" बायकांनी टाळ्या पिटल्या. नेत्राचा चेहरा पांढराफटक पडला. मग काहीतरी सुचून ती आजीजवळ सरकली.

"आजी, कोडीत किती धरलेस?"

"किती म्हंजे? एकवीस."

इथं कोडी विसाचीच, पण मोजताना वर एक लाभाचा टाकायचा, ही वाड्याची जुनी रीत.

"अगं, आकड्याला लाभ नसतो. दहा लाखांत पन्नास हजार कोड्या. तू पन्नास हजार वर टाकलेस!"

लाभ काढून केसरबायनं पुन्हा वाटे घातले. तिनानं एक उरला. सातानं चार. अकरानं चार. तेरानंही चार! "अगो बया, हे चार माझ्या मागं का लागलेत?"

"मी हजारापर्यंत सगळं करून बघितलंय," नेत्रा हळूच म्हणाली. "वाटे हजारावर गेले तर एकेक वाटा हजाराच्या आत येतो, आणि ते तर आधीच बघून झालंय. याला मूळ संख्या म्हणतात."

केसरबाय मटकन खाली बसली. तिचा विश्वासच बसेना. "येवढा मोठा, आनि त्याला कोन वाटेकरी न्हाय?"

तेवढ्यात शेजारची राही पलीकडून ओरडली, "काकी, तीन वाटे ना? मग पोरीची मुंबई राहिली!"

नेत्रानं मान खाली घातली. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तरी तिचं ऐकणार कोण? तिथल्या एकूणएक बायका कोडी एकविसाचीच मोजत होत्या.

केसरबाय गुडघ्यावर हात टेकून उठली.

"न्हाय तुटला," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "माजी चूक झाली. पोर जाईल."

केसरबाय चुकली, हे कानांनी ऐकूनही कुणाला खरं वाटेना. राही काही विचारणार, तोच केसरबायनं पदर तोंडाला लावला आणि भर वाड्यात ती हमसून हमसून रडायला लागली.