खवलं

शाळा सुटून बरीच वर्षं झाली, तरी सांगलीत लोक मला चित्रकलेच्या बाई म्हणूनच ओळखतात. गल्लीत मात्र मी मासेवाल्या बाई. जन्मात मासा तोंडात घातला नाही, पण जपानी लाकडी ठशांवरून छापलेली चित्रं जमवायचा नाद लागला तो माशापायीच. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात पहिलं चित्र मिळालं, अंग वळवून धारेवर चढणारा एक मोठा मासा. मग आणखी मासे आले, तिरक्या पावसातला पूल आला, धुक्यातला एक डोंगर आला. तो तर थेट मेढ्याकडचा वाटायचा.

धाकटा भाऊ फौजेतून निवृत्त होऊन पलूसला ऊस करतो. आला की चपला काढता काढताच विचारायचा, "आक्का, मासं किती झालं? एक तरी कालवण हुईल का न्हाई?" मला राग यायचा. एकदा चिडूनच त्याला हात धुऊन पुसायला लावले आणि त्याचं बोट त्या पहिल्या माशावर ठेवलं. त्या चित्रात खवल्यांना रंग नाही. कोरा ठसा कागदावर दाबून ती नुसती उठवलेली आहेत. तो बराच वेळ बोट फिरवत राहिला.

"खवलं लागत्यात की गं हाताला," तो म्हणाला.

तेव्हापासून आला की न सांगता हात धुवायचा आणि त्याचा मासा मागायचा. कालवणाची थट्टा चालूच होती, पण मला तिचा राग येईनासा झाला.

गेल्या पावसाळ्यात आयर्विन पुलाशी पाणी चढायला लागलं. माझं घर तळमजल्यावर. मी साताऱ्याला मुलीकडे निघाले, आणि भाऊ जीप घेऊन आला. भांडी, टीव्ही, गाद्या सगळं सोडून त्याने आधी चित्रं उचलली. पाणी काही घरात शिरलं नाही. गल्लीच्या तोंडाशी येऊन परत गेलं. चित्रं घरातच राहिली असती तरी चाललं असतं, याची हळहळ अजून जात नाही.

आमच्याकडे एखादी गोष्ट जपायची म्हणजे लॅमिनेशन करायचं. आधार कार्ड, दहावीचा निकाल, यमाईचा फोटो, सगळं प्लॅस्टिकमध्ये. भावाने माझी सगळी चित्रं पलूसच्या झेरॉक्सच्या दुकानात नेऊन तशीच करून आणली. मोठी बसेनात म्हणून त्यांच्या कडा कापल्या होत्या. गठ्ठा माझ्यापुढे ठेवताना त्याचा चेहरा फुलला होता.

"आता म्हापूर येऊ दे न्हाईतर काय बी येऊ दे. भ्याचं काम न्हाई."

त्या कागदाचा मऊपणा, रंग मुरलेली पाठ, सगळं गेलं होतं. दुसरं कुणी असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण याने माझ्या गाद्या सोडून ही चित्रं उचलली होती. चांगलं केलंस म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. तिथे ओट्याशी उभी राहून रडले.

चहा घेऊन बाहेर आले तर त्याने सवयीप्रमाणे हात धुतले होते. मासा मांडीवर घेऊन तो प्लॅस्टिकवरून बोट फिरवत होता. एकदा, पुन्हा, मग नखाने.

"आक्का, खवलं लागंनात की गं."

त्याने चित्र उजेडाकडे तिरकं धरलं, पुन्हा मांडीवर ठेवलं.

"निघंल का हे?"

"निघेल की," मी म्हणाले. "पुण्यात माणसं आहेत त्यातली. देते नेऊन."

त्याने मान हलवली आणि चहा प्यायला.

पुण्याला मी काही गेले नाही. चिकटलेलं सुटत नाही, हे मला ठाऊक होतं. अजून भाऊ येतो, उसाचं बोलतो, जेवून जातो. चित्रं पुण्याला दिलीस का, हे त्याने एकदाही विचारलेलं नाही. आणि मासं किती झालं, हेही आता विचारत नाही.