माजी सासूबाईंचा दंड

माजी नवरे हल्ली मालाडात बिल्डिंगीगणिक सापडतील, पण माजी सासू बाळगून असलेली बाई अख्ख्या पश्चिम उपनगरात मी एकटीच असेन. आणि सासू तरी कशी, तर जिच्यापुढे कारल्याने मान खाली घालावी! त्यांना भाजीवाला आवडत नसे, कारण तो हसायचा; सोसायटीचा वॉचमन आवडत नसे, कारण तो हसायचा नाही. देवळात गेल्या तरी 'शिरा कोरडा झालाय' हे पुजाऱ्याला ऐकवल्याशिवाय पायरी उतरत नसत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझी सोलकढी तोंडाला लावून त्यांनी वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "छान झालीय हो. लादी पुसायला." पुढे त्यांचा मुलगा ऑफिसातल्या एका बाईबरोबर राहायला गेला आणि आमचा घटस्फोट झाला, तेव्हाही कोर्टाच्या जिन्यात चारचौघांदेखत त्यांनी मला सुनावलं, "घरात धड कढी मिळाली असती तर पोरगा बाहेर कशाला गेला असता?" या बाईचं तोंड पुन्हा बघायचं नाही, असं मी त्या जिन्यातच ठरवलं.

ते बघायची पाळी त्यांच्या गुडघ्याने आणली. गुडघा बदलल्यानंतर आत हाडाला जंतुसंसर्ग झाला आणि कित्येक आठवडे रोज शिरेतून औषध घ्यायचं ठरलं. त्यासाठी दंडाच्या शिरेतून एक लांब बारीक नळी आत सरकवलेली, आणि बाहेरचं टोक हलू नये म्हणून वर पारदर्शक चिकटपट्टी. रोज एक सिस्टर बोरिवलीच्या घरी येऊन औषध चढवून जायची. चिरंजीव तोवर परदेशात स्थिरावले होते. एके दिवशी त्यांचा मला फोन आला. "आईला ती पट्टी सहन होत नाहीये. सिस्टरशी भांडते. एकदा जाऊन ये ना प्लीज, तूच जवळ आहेस." एका घरात राहत होतो तेव्हा मी कधी त्याच्या जवळची नव्हते, घटस्फोट घेतल्यावर झाले.

त्याला फोनवर जे मला सुनावता आलं नाही ते त्याच्या आईला सुनवावं म्हणून मी गेले. दार उघडून त्या म्हणाल्या, "कित्याक इलंस?"

"मजा बघायला."

"मग बघ," म्हणत त्यांनी बाही वर केली. सुनवायचं म्हणून जुळवून आणलेलं सगळं मी विसरले. पट्टीखाली थेट पट्टीच्याच आकाराचा लालभडक चौकोन उमटला होता, कडेने पाण्याचे फोड आले होते, आणि सिस्टरने मागची पट्टी फर्रकन ओढली होती तिथली साल निघून मांस दिसत होतं.

एरवी त्यांनी जगाशी भांडण मांडलं होतं, ते आता सगळं चिकट वस्तूंवर येऊन ठेपलं. सफरचंदावरचं स्टिकरसुद्धा त्या चिमट्याने काढायच्या. केमिस्टकडे जाऊन पट्टी मागायच्या ती "माणसाची दे, भिंतीची नको" अशी. हॉस्पिटलातला एक तरुण डॉक्टर हसत म्हणाला, "आजी, थोडी खाज सगळ्यांनाच येते. ॲडजस्ट करा." तर म्हणाल्या, "आधी तुमच्या मिशीवर लावा. काढायला मी येईन." मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. रात्रंदिवस दंडावर निखारा ठेवल्यासारखं होत असेल तर माणूस विनोद करत नाही.

शेवटी एका दुपारी त्यांचा धीर सुटला. एकट्या असताना त्यांनी पट्टी उपटून काढली आणि तिच्याबरोबर नळी निम्मी बाहेर आली. औषध चढवायला आलेल्या सिस्टरने मलाच फोन केला. मी पोचले तेव्हा रक्ताळलेला टॉवेल दंडाला दाबून त्या खाटेवर गप्प बसल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना गप्प बसलेलं पहिल्यांदा पाहिलं, आणि मला भीती वाटली. हॉस्पिटलात ती नळी काढून दुसऱ्या दंडात नवी घातली. मोठे डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, "हाही दंड असाच झाला तर औषध अर्धवट राहील. मग नवा सांधा काढावा लागेल, आणि त्यानेही भागलं नाही तर पायच." त्यांनी मला सूनबाई म्हटलं. मी दुरुस्ती केली नाही.

व्हिडिओ कॉलवर मुलगा म्हणाला, "आई, तू जरा धीर धरायला हवा होतास."

"तुका रे काय," त्या म्हणाल्या, "तू कशालाच चिकटलंस नाय." आणि फोन उलटा ठेवला.

मग मी त्यांना चामडीच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी निरनिराळ्या पट्ट्यांचे तुकडे मांडीवर लावून बघायला सांगितले, कुठला सोसतो ते कळावं म्हणून. सासूबाईंची अट अशी, की प्रत्येक तुकडा माझ्याही हाताला लागला पाहिजे. "मला फसवशील तू." तो हात घेऊन मी ऑफिसात बसत होते, शेजारची म्हणाली, काय गं, पंक्चर काढलंस का? मला काहीच झालं नाही. त्यांच्या मांडीवर मात्र एक सोडून सगळ्यांचे चौकोन उठले. तो एक सिलिकॉनचा, मऊ, महागडा. त्याला जोर कमी म्हणून वरून जाळीदार मोजा चढवायचा. पट्टी बदलायची रीत मी हॉस्पिटलातल्या सिस्टरकडून शिकून घेतली: कातडी एका हाताने दाबून धरायची, पट्टी आडवी, हळूहळू सोडवायची, जंतुनाशक लावलं की ते पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं, फुंकर मारायची नाही. त्या वेळात पेशंटने तोंड पलीकडे फिरवून बसायचं, श्वास नळीवर पडता कामा नये.

दर रविवारी आम्ही अशा बसायचो. दोघींच्या तोंडाला मास्क, त्यांचं तोंड भिंतीकडे. जे माझ्या तोंडावर त्यांना कधी बोलता आलं नसतं, ते त्या भिंतीला सांगायच्या. यजमानांची गिरणी बंद पडली तेव्हा शेवयांची पाकिटं घेऊन दारोदार कशा हिंडल्या ते. मुलगा लहानपणी नवीन खेळणं आलं की जुनं गॅलरीतून खाली टाकायचा, ते. "मीच वेचून आणायची," त्या म्हणाल्या. "त्याला एकदा खाली पाठवायला हवं होतं."

मी दंड तसाच धरून ठेवला. जंतुनाशक अजून ओलं होतं.

"कोर्टात बोलले मी," त्या भिंतीला म्हणाल्या. "तुझा तसा दोष नव्हता." आणि थोडं थांबून, "कढी मात्र वायटच करायचीस गो."

मी पट्टी लावली. कडा बोटाने जरा जास्तच वेळ दाबत राहिले.

दुसरा दंड टिकला. औषध पुरं झालं, पाय वाचला, नळी निघाली. मुलगा दिवाळीला येणार होता, त्याचं तिकीट महाग निघालं. नळी काढून घरी आलो तेव्हा चहासुद्धा न विचारता त्या म्हणाल्या, "संपलं एकदाचं. आता येऊ नकोस. कुणी विचारलं ही कोण, तर काय सांगू?" मला ते लागलं, पण त्यांचंही खरं होतं. मी गेले नाही. रविवार येत होते, लांबत होते, मी कपाटं आवरत होते.

मग एका सकाळी फोन. "दंडाला खाज सुटलीय. येऊन बघून जा."

मी गेले. स्वयंपाकघरात घावणे झाकून ठेवले होते, दोघींना पुरतील एवढे. त्यांनी बाही वर केली आणि सवयीने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी दंड खिडकीच्या उजेडात धरला, बोट फिरवून बघितलं. कातडी लहान मुलाच्या गालासारखी स्वच्छ होती.

"लाली आहे थोडी," मी म्हणाले. "पुढच्या रविवारी परत बघावं लागेल."

"मग? मी काय खोटं बोलते?" भिंतीकडे बघत सासूबाई म्हणाल्या.