डावं इंजिन मागे राहिलं

"दोन्ही इंजिनं सारखी झाली, मगच मी लिव्हर पूर्ण पुढे ढकलले, मॅडम. किती वेळा सांगू?" कॅप्टन सुर्वे वैतागून म्हणाले.

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला त्यांच्या घराच्या पडवीत आम्ही बसलो होतो. मी तेव्हा एका एअरलाइनच्या फ्लाइट सेफ्टी विभागात होते. विमानाच्या बाबतीत काही वावगं घडलं की चौकशी करायची, हे माझं काम. सुर्वे आमचे जुने, भरवशाचे पायलट. आठवड्यापूर्वी टेकऑफसाठी धाव घेताच त्यांचं विमान एकदम डावीकडे ओढलं गेलं. त्यांनी इंजिनांचा जोर कमी-जास्त करणारे लिव्हर मागे घेतले, ब्रेक मारले आणि विमान धावपट्टीवरच थांबवलं. कुणाला खरचटलंही नाही. चौकशी संपेपर्यंत उडायचं नाही असा नियम, म्हणून ते घरी आले होते. मीही रत्नागिरीचीच, तेव्हा जबाब घ्यायला मलाच पाठवलं.

थ्रस्ट म्हणजे विमानाला पुढे रेटणारा इंजिनाचा जोर. तो दोन्ही बाजूंना सारखा हवा. होडीत एकाच बाजूचं वल्हं मारलं तर होडी फिरते, तसंच विमानाचं होतं. म्हणून पायलट आधी लिव्हर थोडेच पुढे नेतो, दोन्ही इंजिनं एका पातळीला येईपर्यंत थांबतो आणि मग पूर्ण जोर लावतो. त्या दिवशी डावं इंजिन मागे राहिलं, एवढं रेकॉर्डरवरून दिसत होतं. का राहिलं, ते दिसत नव्हतं. एक तर सुर्वेंनी पुरेशी वाट पाहिली नव्हती, नाहीतर इंजिनाला इंधन सोडणारं फ्यूएल कंट्रोल सुस्तावलं होतं.

घटनेच्या दुसऱ्याच दिवशी इंजिनिअरांनी ते इंजिन जमिनीवर चालवून बघितलं होतं. शहाण्या मुलासारखं चाललं. त्यांनी शेरा मारला, 'नो फॉल्ट फाउंड'. म्हणजे दोष सापडला नाही. दोष नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. पण वाचणारे तसाच घेतात.

सुर्वेवहिनी चहा घेऊन आल्या. "ताई, काय ते लवकर आटपा हो. दिवसभर नुसत्या येरझारा चालल्यात ह्यांच्या. धड जेवत नाहीत की बोलत नाहीत."

"तू जा गं आत," सुर्वे म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मला उडायचंय, मॅडम. दुसरं काही येतच नाही मला."

मुंबईला परतून मी रिपोर्टमध्ये दोन्ही शक्यता लिहिल्या. आमच्या सरांनी बोलावून घेतलं.

"दोन कारणं कशी देता? एक काय ते ठरवा."

"फ्यूएल कंट्रोल काढून, उघडून बघितल्याशिवाय ठरवता येणार नाही, सर."

"आणि तोवर विमान उभं ठेवू? अहो, हाताळणीतली चूक म्हणा. एक सिम्युलेटर सेशन होईल आणि सुर्वे पुढच्या आठवड्यात उडायला लागतील. त्यांच्याच भल्याचं आहे. मिटवून टाका."

आमच्या कोकणात बांधावरून लागलेली भांडणं आजोबा गेले तरी कोर्टात चालू असतात. ऑफिसात मात्र सगळ्यांना सगळं मिटवायची घाई! मी सही करणार नाही म्हटलं. सरांनी स्वतः केली. सरकारी नियामकाकडेही तोच रिपोर्ट गेला. पायलटची चूक म्हटल्यावर इंजिनाकडे कोण कशाला बघेल?

सुर्वे परत उडायला लागले. क्रू रूममध्ये त्यांची थट्टा सुरू झाली. "सुर्वे सर आहेत का आज? मग सामान चढवूच नका, गेटवरच परत यायचंय." सगळे हसायचे, तेही हसायचे. मला ते हसणं आवडलं नव्हतं. पण थट्टेची चौकशी करायला काही फॉर्म नसतो.

वर्षभराने पुन्हा तेच घडलं. विमान दुसरं, पण इंजिन त्याच प्रकारचं. आणि दैव असं, की कॅप्टनही सुर्वेच. धावपट्टी ओली होती. डावं इंजिन मागे राहिलं आणि या वेळी सुर्वेंनी लिव्हर मागे घेतले नाहीत. रडरने, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूने, विमान सरळ ठेवायला बघितलं. कमी वेगात रडरचा फारसा उपयोग होत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. विमान धावपट्टी सोडून चिखलात गेलं आणि पुढचं चाक मोडलं. प्रवासी सगळे वाचले. सुर्वेंच्या पाठीचा मणका मोडला.

हॉस्पिटलमध्ये मी विचारलं, "लिव्हर मागे का नाही घेतले?"

"मागच्या वेळी घेतले होते ना," ते म्हणाले.

बाहेर येऊन मी जिन्यात बसून रडले.

मग मात्र फ्यूएल कंट्रोल उघडलं गेलं. आतली एक झडप इंजिन तापलं की अडकत होती आणि थंड झालं की सुटत होती. पहिल्या विमानाचंही उघडलं. तिथेही तेच. नियामकाने लगेच सक्तीचा आदेश काढला. त्या प्रकारच्या सगळ्या विमानांवरचे ते भाग बदलायचे. तोवर दोन इंजिनांच्या जोरात फरक दिसला, की पायलटने टेकऑफ तिथल्या तिथे सोडायचा. सरांनी तो आदेश सगळ्या पायलटना पाठवला. वर लिहिलं, 'कृपया काटेकोर पालन करावे.'

मी भांडून जुना रिपोर्ट दुरुस्त करून घेतला आणि तो घेऊन मिरजोळ्याला गेले. सुर्वेंना फार वेळ बसवत नव्हतं. खांबाला टेकून उभ्यानेच त्यांनी वाचला. मेडिकलमध्ये ते कायमचे बाद झाले होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

वाचून झाल्यावर म्हणाले, "खरं सांगू, मॅडम? तुमच्याशी भांडलो तेव्हा खात्री होती. पण नंतर ते सगळे इतकं हसायला लागले, की मलाही वाटायला लागलं, चूक माझीच असणार."

वहिनी म्हणाल्या, "हे आधी का नाही बोललात?" सुर्वेंनी रिपोर्टची घडी घालून तो त्यांच्या हातात दिला.

आमच्या धंद्यात नवीन आलेल्यांना मी एवढंच सांगते. वेळेवर थांबलेल्या माणसाला बोल लावू नका. तो ऐकतो.